दोन झाकणांचा प्राणी

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत चहा मिळाला की तो पिऊन गुपचूप घरी यावं, एवढं शहाणपण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर तरी मला यायला हवं होतं. पण त्या दिवशी मी कप खाली ठेवला, खाकरलो आणि म्हणालो, "त्यात काय एवढं? वर्गीकरण मी करून देतो. चार दिवसांचं काम."

खोलीत तेव्हा बाई होत्या, मोठे कारकून होते आणि रॅम्पचा कंत्राटदार होता. तिघांनीही माझ्याकडे एकदम पाहिलं. वर्गात फळा पुसायला कोण येतंय असं विचारल्यावर एखाद्याने चुकून डोकं खाजवायला हात वर करावा आणि सगळ्यांनी वळून बघावं, तसं.

विषय दगडांचा होता. आमच्या शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला एक काचेचं कपाट आहे. त्याचं एक दार उघडत नाही आणि दुसरं लागत नाही. त्यात पेटीभर दगड आहेत. गावाबाहेरच्या चुनखडीच्या खाणीतून ते कधीतरी कुणीतरी आणले. कुणी, ते कुणालाच माहीत नाही. दगड म्हणजे कुठे लिंबाएवढे, कुठे बोराएवढे, आणि प्रत्येकावर शिंपल्यासारख्या रेघा. आता शाळेच्या दारात रॅम्प व्हायचा होता. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलांसाठी तो हवाच होता, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण रॅम्पच्या पोटात भराव लागतो, आणि कंत्राटदाराची नजर कपाटावर गेली होती. शिवाय बाईंना कपाटाची जागा खेळाच्या सामानासाठी हवी होती. मुलं सध्या चेंडू बाईंच्याच खोलीतून नेत, आणि प्रत्येक वेळी विचारत, "बाई, येऊ का आत?"

"सर, नुसते खडे आहेत हो ते," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तपासणी आहे. साहेबांनी विचारलं हे काय, तर मी काय सांगू? नीट वर्गीकरण केलेले, चिठ्ठ्या लावलेले नमुने असते तर गोष्ट वेगळी होती."

त्यावर मी ते वाक्य बोललो.

का बोललो, तेही सांगून टाकतो. मी या शाळेत गणित शिकवायचो. अजूनही आठवड्यातून दोन दुपारी जातो आणि ज्यांचं भागाकाराशी जमत नाही अशा मुलांजवळ बसतो. मुलं मला 'आजोबासर' म्हणतात. भागाकार करता करता मूल रडवेलं झालं, की मी त्या कपाटातला एक दगड त्याच्या हातात देतो. म्हणतो, "हा धर. हा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहायचा. याला भागाकार येत नव्हता. याचं काही अडलं नाही." मूल नाक पुसतं, दगड उलटासुलटा करतं, त्याच्यावरच्या रेघा नखाने मोजतं आणि आपोआप वहीकडे वळतं. छापील चित्र दाखवून हे होत नाही, मी करून पाहिलंय. हातात वजन यावं लागतं. हे दगड रॅम्पखाली गेले, तर रडवेल्या मुलाच्या हातात मी काय देणार होतो?

पहिली अडचण अशी आली, की दगड रॅम्पखाली गाडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. घरी नेऊन नीट करायला लागत होती. "शाळेची मालमत्ता आहे, सर," मोठे कारकून म्हणाले. हा माझाच विद्यार्थी. कारकुनांची खोली लहान, दमट आणि कागदांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. छताला पंखा आहे, पण तो फिरत नाही. त्याच्या एका पात्याला सुतळीने एक पुठ्ठ्याची पाटी बांधलेली आहे: दुरुस्ती चालू.

मी घाम पुसत म्हणालो, "अरे, हा पंखा मी नोकरीत असताना पण असाच होता."

"प्रकरण चालू आहे ना, सर. चालू प्रकरणाला हात लावता येत नाही. तो फिरवता येत नाही, काढता येत नाही, नवा लावता येत नाही. माझ्या आधीच्या कारकुनांपासून चालू आहे." हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. मग त्याने एक कागद पुढे ओढला. "हं, वस्तू सजीव की निर्जीव?"

"तसं बघायला गेलं तर..."

"जिवंत आहेत का?"

"होते."

"'होते' असा रकाना नाही, सर."

बराच वेळ आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो. शेवटी त्याने 'निर्जीव'वर खूण केली आणि मला उगाचच वाटलं, की आपण कुणाचा तरी विश्वासघात केला. पुढचा रकाना वजनाचा होता. शाळेत वजनकाटा एकच, मुलांच्या आरोग्यतपासणीचा. त्यावर पेटी ठेवली की आकडा पेटीखाली झाकला जायचा. म्हणून पेटी घेऊन मीच काट्यावर उभं राहायचं, मग पेटी खाली ठेवून पुन्हा उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, असं ठरलं. काटा व्हरांड्यात होता. मधली सुट्टी झाली होती. माझं वजन चौथीच्या अख्ख्या वर्गाने एका सुरात वाचून दाखवलं. त्या वर्गात एक मुलगी आहे, सगळे शिक्षक तिला 'प्रश्नपेटी' म्हणतात. तिने विचारलं, "आजोबासर, तुम्ही दगडांपेक्षा इतके जास्त का भरता?" या प्रश्नाला गणितात उत्तर आहे, पण ते मी दिलं नाही.

पेटी घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली गेली. आमच्या घरात जेवणाचं टेबल हे माझ्या सगळ्या प्रकल्पांचं जन्मस्थान आहे, आणि बायकोच्या मते स्मशानही.

"अहो, हे किती दिवस इथे राहणार?" तिने विचारलं.

"चार दिवस."

"घड्याळ दुरुस्त करायलाही चारच दिवस लागणार होते. ते अजून पिशवीत आहे."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. ब्रश घेतला, पाणी घेतलं, दगड धुतले, वर्तमानपत्रावर मांडले. तेव्हा लक्षात आलं, की दोन्ही बाजू बंद असलेले अखंड शिंपले थोडेच आहेत. बदाम फोडल्यावर निघावीत तशी सुटी अर्धुकंच जास्त. मला आनंद झाला. सुट्या अर्धुकांच्या जोड्या लावायच्या, म्हणजे हे तर माझंच काम. दोन आकृत्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या की त्या एकरूप, हे मी सहावीला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. दुपारभर मी कडेला कड लावून बघत राहिलो. सारख्या आकाराची, सारख्या रेघांची दोन अर्धुकं सापडली की ती काय सुरेख बसायची! मी झटपट चिकटणारा गोंद आणला होता. थेंब टाकला, दाबलं, झाला शिंपला. संध्याकाळपर्यंत टेबलावर शिंपल्यांची रांग लागली आणि माझ्या अंगठ्याला वर्तमानपत्राचा एक कोपरा चिकटला.

सून ऑफिसातून आली. तिने रांगेकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. "बाबा, मस्त झालंय. पण काही उरलीत ती?"

"ती जुळत नाहीत. एक मोठं, एक लहान. कुठल्या तरी दुसऱ्या जातीची असणार."

वरच्या मजल्यावरचे इंजिनियर रोज संध्याकाळी चपला वाजवत खाली येतात आणि घरात जे काही चाललं असेल त्यावर मत देऊन जातात. त्यांनी एक शिंपला उचलून दिव्यासमोर धरला. "मास्तर, काम एक नंबर. फट दिसत नाही. हे तुम्ही विद्यापीठात दाखवा. उगीच घरात ठेवू नका."

हा सल्ला मी मानला. माणसाला स्तुती आवडते आणि निवृत्त माणसाला जरा जास्तच आवडते.

शहरातल्या महाविद्यालयात भूशास्त्राच्या एक तरुण प्राध्यापिका होत्या. त्यांच्या खोलीत टेबल, खुर्ची, खिडकी, सगळीकडे दगडच होते. बसायला त्यांनी एक दगड उचलून मला जागा करून दिली. मी शिंपले बांधून आणलेला रुमाल सोडला. त्यांनी माझा सगळ्यात सुंदर शिंपला उचलला, भिंग लावलं आणि तो पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या असतील.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "हे शिंपले नाहीत."

"मग?"

"ब्रॅकिओपॉड. दिसतात शिंपल्यासारखे, पण नातं काही नाही. हा अगदी वेगळा प्राणी. त्याला दोन अर्धुकं असतात, पण ती सारखी नसतात. खालचं मोठं, वरचं लहान. म्हणजे डबा आणि झाकण म्हणा. मोठ्याच्या टोकाला हे बारीक भोक दिसतंय? यातून एक देठ बाहेर यायचा. त्या देठाने तो समुद्राच्या तळाला धरून बसायचा, जन्मभर. आणि झाकण किलकिलं करून पाण्यातून खाणं गाळून घ्यायचा."

"आणि हा?" मी विचारलं.

त्यांनी माझी जोडी पुन्हा पालथी केली. ओठ आवळले होते. हसू आवरत होत्या हे मला कळलं, कारण मी आयुष्यभर त्याच चेहऱ्याने वह्या तपासल्या आहेत. "याला इथेही भोक नाही आणि इथेही नाही. म्हणजे तुम्ही झाकणाला झाकण लावलंय. हा दोन झाकणांचा प्राणी झाला, सर. याला डबाच नाही."

दुसऱ्या जोडीला दोन्हीकडे भोकं होती. तो दोन डब्यांचा प्राणी होता.

मी विचारलं, "पण मग ती इतकी तंतोतंत बसली कशी?"

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि आता मोकळेपणाने हसल्या. "खऱ्या शिंपल्याची दोन अर्धुकं एकमेकांसारखी, पण एकेक अर्धुक बघितलंत तर वाकडं, एका बाजूला कललेलं. यांचं उलट. दोन अर्धुकं वेगवेगळी, पण प्रत्येक अर्धुकाच्या मधून रेघ ओढलीत तर डावी आणि उजवी बाजू सारखी. म्हणून सारख्या मापाची कुठलीही दोन अर्धुकं एकमेकांवर बसतात, ती एकाच प्राण्याची नसली तरी."

"सममिती अक्ष!" मी ओरडलो. बाहेरून जाणारे दोन विद्यार्थी थांबले.

लाज वाटली ती याची. दगड मला ओळखता आले नाहीत याचं काही नाही. पण अक्ष कुठे आहे हे गणिताच्या मास्तरला दिसू नये? जो अक्ष दोन अर्धुकांच्या मधून जातो असं मी धरून चाललो होतो, तो एकेका अर्धुकाच्या अंगातून जात होता. कागदाची घडी घालून मुलांना हेच शिकवण्यात माझी उमर गेली. परत येताना बसमध्ये मी तिकिटाला घडी घालून घालून त्याचा चुरा केला. कंडक्टरने तिकीट मागितलं तेव्हा मी त्याला सममितीचे चार तुकडे दिले.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "म्हणजे तुम्ही दिवसभर झाकणाला झाकण लावत बसला होतात?"

"शास्त्रीय भाषेत..."

"आणि मी तुम्हाला डबे आवरायला सांगते तेव्हा तुम्हाला जमत नाही म्हणता."

आता जोड्या सोडवायच्या होत्या. सुनेचं नखांचा रंग काढायचं पाणी गोंदावर चालतं, असं तिनेच सांगितलं आणि बाटली दिली. खरंच चाललं. कापसाचा बोळा, थोडं पाणी, थोडा धीर, की अर्धुकं अलगद सुटायची. बाटली मात्र संपत आली, आणि रविवारी सुनेच्या मैत्रिणीचं लग्न होतं. "बाबा, माझा एक हात तरी होऊ द्या," ती म्हणाली. त्यामुळे तिचं लग्नाला जाणं झालं, आणि माझी एक जोडी चिकटलेलीच राहिली. तीच ती पहिली, दोन झाकणांची, सगळ्यात सुंदर.

इंजिनियर चपला वाजवत आले. "एवढंच ना? मास्तर, माझं आयुष्य बॉयलरमध्ये गेलं. बॉयलरला आतून जो थर धरतो तो कशाने काढायचो माहीत आहे? आम्लाने. संडास धुवायचं द्रव आहे का घरात?"

"दगडाला काही होणार नाही ना?"

"अहो, लोखंडाला काही झालं नाही, दगडाला काय होतंय!"

वाटीत द्रव ओतलं. जोडी टाकली. वाटी फसफसली. इंजिनियर खूष झाले. "बघा, गोंद सुटतोय." फेस वर आला, टेबलावर आला, वर्तमानपत्रावर आला. बायको धावत आली. मी चिमट्याने जोडी बाहेर काढली आणि नळाखाली धरली.

गोंद जसाच्या तसा होता. गेला होता तो दगड. रेघा नाहीत, टोक नाही, कड नाही. चोखून चोखून बाहेर काढलेल्या गोळीसारखा एक गुळगुळीत गोळा माझ्या हातात होता.

"बॉयलरमधला थर कशाचा असायचा हो?" मी विचारलं.

"चुन्याचा."

"आणि हा दगड चुनखडीचा."

इंजिनियरांनी वाटीत वाकून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे द्रव उत्तम आहे," आणि वर निघून गेले.

तो गोळा हातात धरून मी त्या दिवशी बराच वेळ खिडकीशी बसलो. हसू येत होतं, पण पुरतं येत नव्हतं. जो प्राणी समुद्र आटले, डोंगर उठले तरी आपल्या रेघा सांभाळून होता, त्याच्या रेघा माझ्या जेवणाच्या टेबलावर, मधल्या वेळचा चहा व्हायच्या आत गेल्या. असं करायचा कुणाचाही हेतू नव्हता. मी शिक्षक होतो, म्हणून मला हे जास्त लागलं असेल. मुलांच्या बाबतीतही आपण असंच काही धुऊन टाकत असू का, नीट करायला जाताना?

पुढचे दिवस मात्र फार चांगले गेले. घाई सोडली. एकेक अर्धुक घ्यायचं, मधून रेघ कल्पायची, भोक बघायचं, डबा की झाकण ते ठरवायचं आणि मग त्याचा जोडीदार शोधायचा. प्राध्यापिकाबाईंनी शास्त्रीय नावं लिहून दिली होती. मुलांसाठी मी घरगुती नावं ठेवली. ज्यांचा बिजागरीकडचा भाग लांबट आणि दोन्हीकडे पसरलेला, ते पंखवाले. ज्यांच्या कडेला कागदी पंख्यासारख्या घड्या, ते चुणीदार. ज्यांचं झाकण डब्यात खोल बसलेलं, वाटीत वाटी ठेवावी तसं, ते वाटीवाले. आणि ज्यांच्यावर जवळजवळ काहीच नाही, ते गुळगुळीत. यांतल्या एकाही जातीचा आज एकही प्राणी जिवंत नाही. दूरचे चुलतभाऊ कुठे कुठे थंड, खोल पाण्यात अजून आहेत म्हणे. हे ऐकून बायकोने विचारलं, "त्यांना कळवलंत का?" तीही आता शेजारी बसून जोड्या लावू लागली होती. तिच्या आणि माझ्या जोड्यांवरून रोज वाद व्हायचा, आणि त्या वादात घड्याळाचा विषय निघत नसे.

शेवटी गोळा तेवढा उरला. तो कुठेच बसत नव्हता. तरी मी त्याला 'गुळगुळीत'ची चिठ्ठी लावून टाकली. चिठ्ठी नसलेली जागा दिसायला बरी दिसत नाही, आणि अर्धवट गणित सोडून उठायची मला सवय नाही.

तपासणीच्या आदल्या दुपारी दगड पुन्हा कपाटात मांडले. मोठे कारकून बघायला आले. खूष झाले. "वा, सर! झालं ना पूर्ण?"

"पूर्ण."

"छान. उद्या साहेबांनी बघितलं, की फोटो काढून वर पाठवतो. मग कंत्राटदाराला सांगतो घेऊन जा म्हणून."

"काय घेऊन जा?"

"दगड."

मला आधी कळलंच नाही. "अरे, वर्गीकरण झालं ना आता? चिठ्ठ्या लावल्या ना?"

"म्हणूनच तर, सर. नोंद झाली, फोटो झाले, प्रकरण पूर्ण झालं. पूर्ण झालेलं प्रकरण निकाली काढायला अडचण नसते. आधी नाव-गाव नव्हतं तेव्हा बाईंना जरा भीती होती, उद्या कुणी विचारलं तर? आता काहीच भीती नाही." आणि मग माझा चेहरा बघून, हळू आवाजात, "सर, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मी बाईंकडे गेलो. बाई तशा वाईट नाहीत. त्यांच्या खोलीत सात चेंडू, तीन दोरखंड आणि एक रडणारा पहिलीतला मुलगा होता. "सर, मी चित्रांचा मोठा फलक करून घेते ना," त्या म्हणाल्या. "मुलांना बघायला मिळेल सगळं. मला पण जागा नाही हो." आणि त्या मुलाकडे वळल्या. तिथे वाद घालायला मला जमलं नाही.

परत येताना कारकुनांच्या खोलीवरून गेलो. दार उघडं होतं. पंखा होता तिथे होता. बाहेरून येणाऱ्या वाऱ्याने त्याच्या पात्याची पाटी थोडी हलत होती. मी तिथे उभा राहून ती पाटी इतका वेळ वाचली, की कारकुनांनी मान वर करून विचारलं, "सर, काही हवंय?"

"नाही रे," मी म्हणालो. "पंखा चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जाडजूड, घामेजलेले, घाईत असलेले गृहस्थ. सगळ्या वर्गांतून एक फेरी मारून ते व्हरांड्याच्या टोकाला आले. चौथीचा वर्ग कपाटाभोवती रांगेत उभा होता. बाईंनी मोठ्या आनंदाने सांगितलं, "आणि हे आमचे सर. यांनी सगळं वर्गीकरण स्वतः पूर्ण केलं आहे."

साहेबांनी एक पंखवाला उचलला. मी त्यांना डबा आणि झाकण दाखवलं, भोक दाखवलं, मधली रेघ दाखवली. घाईतला माणूस हळूहळू उभ्याउभ्या रेंगाळू लागला. तळहातावर दगड ठेवून ते वजन जोखत होते. हे मी मुलांमध्ये हजारदा पाहिलंय; घाई अशीच जाते.

मग प्रश्नपेटीने बोट दाखवलं. "आजोबासर, याला भोक कुठाय?"

तिने गोळा बरोबर हेरला होता. साहेबांनी तो उचलला. चिठ्ठी वाचली. "गुळगुळीत." गोळा फिरवून बघितला. "भोक नाही खरंच. मग हा यांच्यातलाच कशावरून?"

बाई माझ्याकडे बघत होत्या, कारकून बघत होते, चौथी बघत होती. उत्तर माझ्याकडे तयार होतं. झिजला आहे, साहेब, म्हटलं असतं तर साहेब पुढे गेले असते, माझी मान ताठ राहिली असती आणि काम पूर्ण झालं असतं. इतक्या वर्षांत कुठल्याही तपासणीत, कुठल्याही साहेबांसमोर, 'मला येत नाही' हे वाक्य मी उच्चारलं नव्हतं. मुलांनाही उच्चारू दिलं नव्हतं. 'प्रयत्न करतोय म्हण' म्हणायचो.

मी साहेबांच्या हातातून गोळा घेतला, चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि म्हणालो, "साहेब, हा कोण आहे ते मला माहीत नाही."

"माहीत नाही?"

"नाही. घरी मी याची जोडी चुकीची चिकटवली, आणि ती सोडवताना माझ्या हातून याच्या खुणा गेल्या. चिठ्ठी मी अंदाजाने लावली होती, ती चूक होती. हा पंखवाला असेल, चुणीदार असेल. मला ठरवता आलेलं नाही."

बाईंनी कपाळाला हात लावायचा बेत रद्द केल्यासारखा केस सारखे केले. मागून कुणीतरी खुसखुसलं. माझे कान तापले. या वयात कान तापतात हे मला ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, "म्हणजे वर्गीकरण पूर्ण नाही."

"नाही, साहेब."

"पूर्ण कधी होईल?"

"सांगता येत नाही. अभ्यास करावा लागेल. मुलांनाही बघू द्यावं लागेल. वेळ लागेल."

साहेबांनी गोळा परत मागितला. पुन्हा तळहातावर ठेवला. मग त्यांनी पेन काढलं आणि बाईंच्या कागदावर उभ्याउभ्या लिहिलं. बाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारकुनांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि माझ्याकडे बघून, अगदी पुसट, सहावीतल्या पहिल्या बाकावरचं हसू हसले. लिहिलं होतं: 'वर्गीकरण अपूर्ण. काम पूर्ण होईपर्यंत नमुने जागेवरून हलवू नयेत.'

रॅम्प दुसऱ्या भरावावर झाला आणि चांगला झाला. खेळाचं सामान कपाटाच्या वरच्या खणात आलं. दगड एका खणाने खाली सरकले, त्याला कारकुनांनी 'जागेवरून हलवणे' मानलं नाही. बाई महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. परवा मात्र त्यांनी स्वतःच एका रडक्या पोराच्या हातात चुणीदार ठेवलेला मी पाहिला. त्यांना मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं नाही.

इंजिनियर आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, की शाळेचा तो संग्रह त्यांच्या बॉयलरच्या अनुभवामुळे वाचला. यात दुर्दैवाने तथ्य आहे. बायको विचारते, "हे संपणार कधी?" मी म्हणतो, "चार दिवसांत." टेबल रिकामं झालंय, तिथे आता घड्याळ उघडून ठेवलं आहे.

कारकुनांनी नियमाप्रमाणे अपूर्ण नमुन्याला पाटी बांधली. कार्यालयात छापील पाटी एकाच प्रकारची होती. त्यामुळे कपाटात आता पंखवाले, चुणीदार, वाटीवाले आपापल्या नावांनी बसले आहेत, आणि मधोमध, गळ्यात सुतळी बांधून, एक गुळगुळीत गोळा: दुरुस्ती चालू.

काल प्रश्नपेटीने ती पाटी मोठ्याने वाचली. गोळा हातात घेतला, कानाशी धरला, दोन्ही अंगठ्यांनी कडेला दाबून बघितला.

"आजोबासर, दुरुस्त झाला की हा उघडेल?"

"माहीत नाही," मी म्हणालो. या खेपेला कान तापले नाहीत.

ती गोळा घेऊन माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही दोघं बघू लागलो.